हळदीवर थांबलेली नवरी

हळदीच्या डीजेचा धिंगाणा नको म्हणून कोर्टात लग्न करणारा माणूस स्वतः रॉक बँडमध्ये गिटार बडवतो, हे माझ्या नवऱ्याचं, प्रितमचं, थोडक्यात चरित्र. पण सांगायचंय ते त्याच्या आईबद्दल.

माझ्या सासूबाई, गोजराबाई, तळवलीच्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गाऊन लग्न लावणारी बाई ती धवलारीण. अर्ध्या गावाचे संसार त्यांच्या आवाजात सुरू झालेत. आमच्या लग्नात मात्र सह्या झाल्या आणि वर पंखा कुरकुरला, तेवढंच संगीत. मी कोपरखैरण्याची, घाटावरच्या माणसांची मुलगी. सासूबाईंना मी आईच म्हणते; त्या लग्नाबद्दल आई मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला लागायचं.

प्रितमच्या 'खारफुटी' बँडचा पहिला अल्बम नुसता दणदणाट होता. पोरं त्यावर उड्या मारायची. दुसरा, 'मिठागर', पहाटेच्या धुक्यासारखा. मीठ वाळावं तितक्या सावकाश त्यातले सूर सरकतात. शेवटच्या गाण्यासाठी प्रितमने आईंना माइकसमोर बसवलं. त्यांनी धवल्यात नवरीला पाटावर बसवलं, हळद लावली, आणि तिथेच प्रितम म्हणाला, "बास आई, झालं." उरलेला उद्या घेतील असं आईंना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून पायरीवर बसून राहिल्या. बोलावणं आलं नाही.

अल्बम आला आणि जुने चाहते रुसले. 'झोप येते', 'दणका कुठाय?' प्रितमचं तोंड उतरलं. मग एका वेबसाइटवर भलं मोठं कौतुक छापून आलं. हळूहळू विरणाऱ्या आवाजात हळदीवरच थांबलेली ती नवरी म्हणजे या अल्बमचा आत्मा आहे, असं त्यात होतं. प्रितमने ते छाती फुगवून वाचून दाखवलं.

आई वाल सोलत होत्या. "थांबलेली? म्हंजे काय रं?"

"शेवटी आवाज कमी कमी होत जातो ना, आई. ती स्टाइल आहे."

"हालद लावून पोरीला पाटावं बसवलीस न तशीच सोरलीस? मांडव नाय, नवरा नाय! तुजी स्टाइल तिला उठवाला येनार हाय का?"

आम्ही हसलो. आई हसल्या नाहीत. घणसोलीच्या हिरामणकाकांच्या लेकीचं लग्न तोंडावर होतं, तिथे गायलाही त्यांनी नकार दिला. "एक पोर बसलीय पाटावं. तिला सोरून दुसरीला कशी उठवू?"

दिवसभर गुणगुणणारी बाई गप्प झाली. घरात कुकरची शिट्टीसुद्धा मोठी वाटायला लागली. ऐन लग्नसराईत त्यांचा आवाजच गेला की काय, अशी मला धास्ती बसली.

शेवटी प्रितमच नमला. "आई, मग आता पुरा कर ना."

"जिथं तुटला, तिथूनच धरावा लागतो," त्या म्हणाल्या. "लाव तुजा गाना."

रविवारी दिवेलागणीला आम्ही गच्चीवर स्पीकर नेला. खाडीवरून खारट वारा येत होता. लांब उलव्याच्या बाजूला एक विमान दिवा लुकलुकवत उतरत होतं. गाणं सुरू झालं. आईंचा आवाज स्पीकरमधून आला, बारीक होत गेला, आणि तो विरायच्या आत आईंनी तिथूनच उचलला. कुठला आवाज कुठे संपला, कळलंच नाही. सगळी गच्ची तरंगल्यासारखी वाटली. त्यांनी नवरीला पाटावरून उठवलं, हात धरून मांडवात आणलं.

मांडवात आल्यावर धवल्यात नवरा-नवरीची नावं घ्यावी लागतात. कुणाची तरी घेतील, असं मला वाटलं होतं.

"कोपरखैरन्याच्या सितारामाची लेक," आई गायल्या, "ऋता नवरी मांडवान आयली..."

सिताराम माझे वडील. ऋता मी. इतके दिवस पाटावर कोण बसलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी ढसाढसा रडले. प्रितम मान खाली घालून उभा होता. मी आईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी गाता गाताच डोळे वटारून मला जागेवर बसवलं. पाठवणी अजून व्हायची होती.

ती झाली. गच्चीवरून जिन्याने खाली, आमच्याच घरात. दुसऱ्या दिवशी आई घणसोलीला लग्न गायला गेल्या.