पाटलिणीच्या पाठीवरचा नकाशा

अख्ख्या बजाजनगरात बोंब होती की बानाबाईच्या कासवाच्या पाठीवर दौलताबादच्या खजिन्याचा नकाशा आहे! काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, आणि ही बाई रोज सकाळी ते कासव मोकळ्या प्लॉटवर नेऊन, बोटांनी दाबदाबून काहीतरी वाचते. नळावर मी तिची नक्कल आधीपासूनच करायचे, आता त्यात हीही भर घातली. पदर खोचायचा, डोळे बारीक करायचे, "हितून डावीकडं वळायचं, बगा!" हसून हसून बायकांच्या घागरी हिंदकळायच्या.

खजिना-बिजिना काही नव्हता. पाठ टणक झाली का, एवढंच बानाबाई बघत होती.

ती मूळची मेंढरंवाली. चराईच्या माळावर कंपन्या आल्या, नवरा त्रिंबक त्यातल्याच एकीत लागला, मेंढरं विकली गेली. त्याच माळावर पाया खणताना हे कासव सापडलं. "एवढं एकच जित्राब ऱ्हायलं माझं," म्हणायची. चालणं तोऱ्याचं, म्हणून नाव ठेवलं पाटलीण. आणि पाटलिणीला सांभाळलं कसं? कोकरासारखं! डालग्याखाली झाकून, अंधारात, दूध-भाकरीवर. पाटलीण मलूल पडली, पाय ओढायला लागली.

अशात एक दिवस विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता. शाळा नाही, एसटी नाही. बानाबाईनं कासव पाटीत घातलं, पाटी डोक्यावर घेतली आणि मला हाक मारली, "ए मैना, चल वाळूजला. डाक्टराशी बोलाया तू लागतीस."

निघालो पायीच. मी वाटेतच सुरू. "मावशी, पाटलीण कसली, पाटील आहे तो! धड होता तेव्हा माझ्या चपलेला टकरा मारायचा, एडक्यासारखा."

"तुजी चप्पल तिच्या वाटंत यायची म्हून मारायची. मादी हाय."

"कशावरून?"

"बगती कशी, बग की. मेंढी अशीच बगती."

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर नाकातून बोलायचे. ती नक्कल मला आयतीच मिळाली! "हें बघा बाई, नराचं पोट खोलगट असतं, शेपटी लांब. मादीचं पोट सपाट, शेपटी आखूड." त्यांनी कासव उचलून खालून बघितलं. शेपटी आत दुमडलेली. पण पोट? मध्ये खड्डा!

मी टाळीच वाजवली. "पाटील! पाटील!"

डॉक्टरांनी अंगठा टेकवला आणि पोट दबलं. त्यांचा आवाज नाकातून घशात उतरला. "कवच मऊ पडलंय. खड्डा त्यामुळंही असेल. नर की मादी ते नंतर, आधी हे जगायला पाहिजे. भाकरी, दूध बंद. अंधार बंद. रोज कोवळं ऊन, हिरवा पाला."

बानाबाईनं डोळ्याला पदर लावला. "मीच झाकून ठिवलं व्हतं ओ."

परतताना ती दर दहा पावलांवर पाटी उतरवून आत बघायची. मला ते बघवेना, म्हणून मीच म्हटलं, "लावायची पैज? मी म्हणते नर."

ती थांबली. "हरलीस तर नळावर माजी नक्कल करतीस ना? ती माझ्यासमोर करायची. समद्या बायांत."

हिला ते माहीत होतं तर!

मग रोज ऊन, रोज घोळीची भाजी, रोज बोटांनी दाबणं. उन्हाळा गेला, पावसाळा सरला. एका सकाळी बानाबाई पाठीवर टिचक्या मारत ओरडली, "दगड झालीया, दगड!"

आणि दसऱ्याच्या सुमाराला मी प्लॉटवर बघते तर काय, पाटलीण मागच्या पायांनी खड्डा खणतेय! मी पळत सुटले, "मावशी! मावशी!" आम्ही पोहोचेस्तोवर खड्ड्यात लिंबाएवढं पांढरंशुभ्र अंडं. मग दुसरं!

बानाबाईनं अंड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पाटलानं दिली जनू."

संध्याकाळी नळावर गर्दी. मी पदर म्हणून ओढणी खोचली, डोळे बारीक केले, "हितून डावीकडं वळायचं, बगा!" कुणी हसेना. सगळ्या बानाबाईकडं बघत होत्या.

बानाबाईनं घागर खाली ठेवली. "लई नाजूक बोलतीस, बाई. मी मेंढरं हाकलेली हायेत. पोटातून काढ आवाज." आणि पायरीवर ऐसपैस बसली. "चल. पयल्यापासून."