वन्संच्या घरचा कारभार

हेवा करायला माणसाला आयुष्यात एकच माणूस नीट मिळाला तरी पुरतो, आणि मला तो लग्नाबरोबरच मिळाला: माझी नणंद. बायका शेजारणीच्या बांगड्यांचा हेवा करतात, जावेच्या फ्लॅटचा करतात, मैत्रिणीच्या कमरेच्या घेराचाही करतात. माझी मजल तिथवर गेलीच नाही. कोरेगावच्या पुढं, रहिमतपूरच्या रस्त्याला, उसाच्या कडेच्या पत्र्याच्या घरात राहणारी, सहा पोरांची आई असलेली आणि त्या सहांतल्या एकालाही शाळेत न ठेवणारी ही बाई माझ्या डोक्यात घर करून बसली आहे. तेही बिनभाड्याचं.

शाळेचं असं झालं की दाजी फौजेत. बदली झाली की नवा गाव, नवी शाळा, नवी भाषा. थोरली पहिलीत असतानाच दोन शाळा झाल्या आणि दोन्हींत ती रडली. तेव्हा वन्संनी निर्णय दिला. "पोरगी वर्गात बसून रडती, मी घरात बसून रडती. त्यापरास दोघी एका जागी बसतो." बसल्या त्या बसल्याच. मागून पाच आली, तीही त्याच सतरंजीवर. दाजी रिटायर होऊन गावी आले. आता पेन्शन, एक म्हैस आणि वाटणीचा थोडा ऊस एवढ्यावर आठ तोंडं चालतात. आम्ही सांगलीत तिघंच, दोन पगार, आणि वीस तारीख उलटली की नवरा-बायको एकमेकांकडं संशयानं बघायला लागतो.

त्यांच्या घरात शिक्षण कुठं संपतं आणि काटकसर कुठं सुरू होते हे मला आजवर सापडलेलं नाही. शेंगा फोडायच्या असल्या की सहाही पोरं गोल करून बसणार आणि मोठ्यानं पाढे म्हणणार. मी आधी समजत होते, काय ही अभ्यासाची आवड! मग एकदा सतराच्या पाढ्यात मधेच एक आवाज बंद पडला आणि चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या वन्सं मान न वळवता ओरडल्या, "कोण चघळतंय रं? सतरा पंचे पंच्याऐंशी व्हत्यात, शेंगदाणं न्हाई!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाढे म्हणणाऱ्या तोंडाला दाणे खाता येत नाहीत. गणितही होतं आणि कूटही पुरतं. मी सांगलीला आल्याआल्या हा प्रयोग केला. आमच्या ह्यांना तीसपर्यंत पाढे येतात, पण ते म्हणाले, "मी मनात म्हणतोय." मनातल्या मनात त्यांनी अर्धा किलो शेंगा संपवल्या.

दिवाळीला त्या एकच तागा आणतात. त्यात पोरींचे ड्रेस, पोरांचे शर्ट, दाजींची बंडी, आणि उरलं तर उशांचे अभ्रे आणि खिडकीचा पडदा. एका वर्षी निळ्यावर पिवळी फुलं होती. धाकटं पोर जेवायला सापडेना म्हणून विहिरीपर्यंत हाका झाल्या आणि ते खिडकीला टेकून उभं होतं. शिंकलं म्हणून कळलं. "आवं वैनी," वन्सं मला समजावतात, "लग्नाकार्यात एखादं हरवलं तर दुसरं फुडं करायचं. म्हणायचं, आसल्या कापडाचं बघा." माझ्या एकुलत्या लेकीची तीन कपाटं भरून वाहतात आणि कुठं निघालो की ती म्हणते, आई, मला घालायला काही नाही.

नातेवाईक जमले की "हिच्या पोरांचं पुढं कसं व्हायचं" हा विषय निघायचाच. मीही जीभ टाळ्याला लावून चुकचुकायची. खरं सांगायचं तर काहीतरी बिनसावं, फार नाही, थोडंसंच, अशी मी वाट बघत होते. पण थोरली सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली आणि आमच्या सोसायटीतल्या क्लासवाल्या पोरांपेक्षा पुढं निघाली. मी पेढे घेऊन गेले. वाटेत रागानं दोन मीच खाल्ले.

पण माझा खरा जळफळाट होता तो त्यांच्या कारभाराच्या पद्धतीवर. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या घरात किल्ल्यांचा जुडगा हात बदलतो. आठ वर्षांच्या वरचं प्रत्येक पोर पाळीनं आठवडाभर कारभारी. काय शिजणार, किती शिजणार, बाजारातून काय येणार, सगळं त्याच्या हुकमात. ज्या दाजींनी बर्फात पहारा दिला ते जादा चहासाठी नऊ वर्षांच्या पोरापुढं अवघडून उभे असतात. नियम एकच, कारभाऱ्यानं आणलं ते सगळ्यांनी संपवायचं, आणि तोंड वाकडं करायचं नाही. मी हेही घरी करून बघितलं. पहिला आठवडा ह्यांना दिला. पहिल्या दिवशी पावभाजी, दुसऱ्या दिवशी मिसळ, तिसऱ्या दिवशी पैसे संपले आणि चौथ्या दिवशी ह्यांनी राजीनामा दिला.

अशा घरात यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी लेक राहायला गेली. सातवी झालेली. आठ-दहा दिवसांत कंटाळून येईल अशी माझी खात्री, नव्हे, आशा होती. जूनच्या तोंडावर तिचा फोन आला, "आई, मी इथंच राहणार. आत्याकडंच शिकणार. शाळा नको मला."

मी रजा टाकली आणि पॅसेंजर पकडली. कराडपर्यंत एक भाषण तयार केलं, कराडच्या पुढं त्यात करिअर घातलं, रहिमतपूर आलं तसं थोडं रडू घातलं. त्या भाषणात एकच वाक्य नव्हतं: तुला माझ्यापेक्षा ती बरी वाटते का गं? आणि मला विचारायचं होतं तेवढंच.

दारात पोचले तर कन्या सोप्यात बसलेली, कमरेला जुडगा. घरी जेवलेलं ताट न उचलणारी माझी पोर तांदूळ मापत होती.

"आई, चहा एकदाच मिळंल हां. दूध खिरीला ठेवलंय."

मी वन्संकडं बघितलं. त्यांनी हात वर केले. "माझ्याकडं बघू नका. कारभाऱ्याला इचारा. आमचं हितं काय चालत न्हाई."

त्यात तिनं बाजार उठता उठता, स्वस्त मिळाले म्हणून, पोतंभर दोडके आणलेले. दोडक्याची भाजी, दोडक्याची भजी, दोडक्याच्या शिरांची चटणी. दाजी पहिल्याच घासाला माझ्या कानाशी आले. "वैनी, फौजेत बी असं झालं न्हवतं." पण वाढून घेतलं. आणि सांगलीत दोडक्याचं नाव काढलं की ताट सरकवणारी माझी लेक पहिल्या पंगतीला बसून, मान खाली घालून, तिसरी भाकरी दोडक्याशीच खात होती. माझ्या भाषणातली सगळी वाक्यं त्या भाकरीबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी अंगणात कुरडया घालत होतो. सोऱ्या दाबता दाबता वन्सं म्हणाल्या, "वैनी, गंमत बघा. तुमची माझ्याकडं ऱ्हाते म्हणती, आन् माझी तुमच्याकडं."

"कोण?"

"थोरली. अकरावीला वर्गात बसायचं म्हणती. बाक पायजे, घंटा पायजे. आन् मैत्रीण पायजे. मी म्हनलं, घरात एवढी पोरं हायती की. तर म्हणती, भावंडं मैत्रिणीत धरत न्हाईत, आई."

कुरडई तुटली, त्यांनी बोटानं जोडली.

"आजवर म्या दर पोराच्या एक धडा फुडं ऱ्हायले. आदल्या दिशी वाचायचं, दुसऱ्या दिशी शिकवायचं. आता तिचं गणिताचं पुस्तक उघडलं, तर मला कायबी कळंना झालंय. तिला कळतंय. मलाच न्हाई." आणि हसल्या. "ठिवून घ्याल का?"

ही बाई कधीतरी माझ्याकडं काहीतरी मागेल, हे चित्र मी किती वर्षं रंगवलं होतं! त्या चित्रात मी खुर्चीवर बसलेली असे आणि थोडा विचार करून हो म्हणत असे. प्रत्यक्षात माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकानं भरलेले होते आणि डोळे पुसायचीही सोय नव्हती. "हे काय विचारणं झालं, वन्सं?" एवढंच म्हणाले.

माझ्या लेकीला हे कळलं तेव्हा तिनं क्षणभरही वेळ लावला नाही. "ताई सांगलीला येणार? मग मी इथं काय करू?" भाषण न देताच मी जिंकले. ती माझ्यासाठी परत आली नाही, हे मी कुणाला सांगत नाही.

थोरली आता आमच्याकडं असते. रोज दिवेलागणीला जेवणाच्या टेबलाशी बसून ती आईला फोन लावते आणि त्या दिवसाचं गणित शिकवते. पलीकडून "परत सांग. हळू सांग," असं चाललेलं असतं. मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ऐकते. माझ्या लेकीकडून काहीतरी शिकून घ्यावं हे मला कधी सुचलंच नव्हतं. परवा भूगोलाचं विचारायला गेले तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मागच्या आठवड्यात त्या वेळेला थोरली घरात नव्हती. फोन माझ्या मोबाईलवर आला.

"आज फोन न्हाई आला तिचा. बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. मैत्रिणीकडं गेलीय."

पलीकडं म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली, पोरांचा कालवा ऐकू आला. मग वन्संचा आवाज आला, जरा लांबून आल्यासारखा. "मैत्रीण झाली व्हय? बरं झालं. कोण हाय?"

मला ठाऊक होतं. त्यांच्या पोरीबद्दल त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट मला ठाऊक असण्याची ही पहिलीच वेळ. मी खुर्ची ओढून बसले आणि सावकाश सांगायला लागले. पोरगी मिरजेची आहे, दोघी एका बाकावर बसतात, डबा वाटून खातात. कालपासून दोघींनी वेणीही सारखीच घालायला सुरुवात केलीय. सांगता सांगता लक्षात आलं, पलीकडचा कालवा थांबलाय. त्या फोन घेऊन घराबाहेर आल्या असाव्यात. मग मला थांबवेना.

"आणि तुमची फार आठवण काढते. जेवताना रोज म्हणते, आईच्या हातची चव नाही." हे मी पदरचं घातलं होतं.

"खोटं बोलताय, वैनी," वन्सं म्हणाल्या. "आणिक सांगा."