संगीताचा आवाज ठेवू का?

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हिंगोलीच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय.

कळमनुरीजवळच्या एका तांड्यावर मी मुलामुलींना नाटक आणि व्हिडिओ शिकवते. सातवीनंतर आपली शाळा का सुटली, हे त्यांच्यातल्या संगीताने आमच्या फिल्ममध्ये कॅमेऱ्यासमोर सांगितलंय. उद्या ती फिल्म तांड्यावर दाखवायची आहे.

आज तिचे वडील आले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, पोरीला पाहायला पाव्हणे येऊन राहिले. तिला कॅशेटीतून काढा."

मागून संगीता म्हणाली, "चेहरा काढा मॅडम, पण आवाज न्हाई."

वडील निघून गेले.

मी चेहरा काढला. पण तो आवाज अख्खा तांडा ओळखतो. उद्या काही झालं तर मी एसटीने घरी येईन, ती मात्र तिथेच राहणार.

तुम्ही काय केलं असतं?