तात्या आणि माझी पहिली बंदूक

तात्या बंदुका विकायचा, पण पहिल्या भेटीत गिऱ्हाइकाला बंदुकीला हात लावू द्यायचा नाही. चहा द्यायचा. कडक, दूध घातलेला, मोठ्या मगात. तो पिऊन होईपर्यंत गुरांचे भाव आणि पाऊस यांवर बोलायचा, आणि मग म्हणायचा, "आता घरी जा. पुढच्या आठवड्यातही बंदूक हवीशी वाटली तर ये." निम्मे लोक परत यायचे नाहीत. त्याचं दुकान चाललं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्याचं खरं नाव आयर्लंडमध्ये दर तिसऱ्या माणसाचं असतं तेच होतं. तात्या हे मी ठेवलेलं. उंच, वाकलेला, भुवया छपरासारख्या पुढे आलेल्या, आणि कुणाचंही काही पटलं नाही की खाकरायचा. अशा माणसाला मराठीत दुसरं काय म्हणणार? तात्या म्हणजे घरातला वडीलधारा, असं मी त्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "यापेक्षा वाईट नावं ठेवलीत लोकांनी."

ॲथलोनपासून वीस मिनिटांवर त्याचं दुकान होतं. पुढे गमबूट, गळ आणि कुत्र्यांचे पट्टे, मागच्या जाळीच्या दाराआड बंदुका. मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे अगदीच तरुण आणि तितकीच मूर्ख. इस्पितळात भूल देणारी डॉक्टर होते. मुलगी डब्लिनला शिकायला गेलेली, नवरा सूपही झोपेत प्यायचा, आणि दर रविवारी गावातली मंडळी शेतावर जमून हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायची. थंडीत तीच मंडळी ओळ धरून फेझंट नावाचे लांब शेपटीचे रानपक्षी मारायला जायची. मला त्या ओळीत जायचं होतं. सात वर्षं त्या गावात राहून मी सगळ्यांना भूल दिली होती, पण कुणाच्या स्वयंपाकघरात बसले नव्हते.

शिवाय कॉलेजात असताना एनसीसीत मला नेमबाजीचा कप मिळाला होता. तो मी दुसऱ्या भेटीत तात्याला ऐकवला. तो खाकरला. "कागद उडत नाही, डॉक्टर."

मी ठरवूनच गेले होते. मला दोन नळ्या शेजारी शेजारी असलेली, चांदीसारख्या कोरीवकामाची, नाजूक बंदूक हवी होती. ती हातात घेऊन मी कशी दिसेन याचा मी आरशासमोर, छत्री घेऊन, पुरेसा अभ्यास केला होता. तात्याने ती बंदूक काढून दिलीसुद्धा. हलकी, फुलासारखी. "किती हलकी आहे!" मी म्हटलं.

"उचलताना," तात्या म्हणाला. "हलकी बंदूक दुकानात मैत्रीण असते. पन्नास बार उडव, मग ती सासू होते."

(सासू माझी भर. तो 'सासऱ्याची बहीण' म्हणाला होता. त्याच्या घरातली तीच असावी.)

मग त्याने मला दोन्ही हातांच्या पंजांचा छोटा झरोका करून त्यातून त्याच्या नाकाकडे बघायला लावलं. "हात उजवा, नेमाचा डोळा डावा," तो म्हणाला. "एका घरात दोन मालक. म्हणून रविवारी मागून घेतलेल्या बंदुकीने तुझी एकही चकती फुटली नाही." त्याने माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर मधोमध बोटाच्या पेराएवढी चिकटपट्टी लावली. आरशात मी शहाण्या चाच्यासारखी दिसत होते.

महिनाभर तो मला लोकांच्या बंदुका मागून मागून वापरायला लावत होता. चिडून मी एकदा विचारलं, "तुम्हाला विकायची आहे की नाही?" तो शांतपणे म्हणाला, "इथे परवाना माणसाला मिळत नाही, त्या एका बंदुकीला मिळतो, नंबरासकट. चुकीची घेतलीस तर पोलिसांपासून पुन्हा सुरुवात. थांब."

शेवटी त्याने जी निवडली ती बघून माझा चेहरा पडला. एकावर एक नळ्या, बारा बोअर, अठ्ठावीस इंची, साधं अक्रोडाचं लाकूड, नक्षी जवळजवळ नाहीच. वजनाला दणकट. दस्ता मात्र त्याने माझ्या हाताच्या मापाने कापून दिला. नळ्यांच्या तोंडात आट्यांच्या छोट्या नळकांड्या बसायच्या, त्यांना चोक म्हणतात. त्या बदलल्या की छरे कमीजास्त पसरतात. चकत्यांना एक जोडी, पक्ष्यांना दुसरी. "चर्चलाही चालतील आणि चिखलातही चालतील असे बूट माणूस पहिल्यांदा घेतो," तात्या म्हणाला. "नाचायचे बूट नंतर."

परवाना आला सप्टेंबरात. ऑक्टोबरात खंडेनवमी. आता घरात शस्त्र आहे म्हटल्यावर मी काय करणार? पाटावर बंदूक, झेंडूची फुलं, हळद, आणि पाण्यात कालवलेलं कुंकू, नळीवर पाच बोटं. हौसेला काही मोल नाही. आठवड्याने तात्या घरी आला आणि त्याने कपाटातून बंदूक काढली तर कुंकवाखाली बारीक गंज. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्याने तेलाचा बोळा फिरवत विचारलं, "हे कशासाठी?" मी सांगितलं, वर्षातून एकदा हत्यारांची पूजा, त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. त्याने बराच वेळ पुसलं. "सुट्टी चांगली आहे," तो म्हणाला. "पाणी नको. फुलं चालतील."

एक नोव्हेंबरला फेझंटचा मोसम उघडतो. आम्ही सहा जण ओळीने लव्हाळ्यातून चालत होतो, दोघांमध्ये तीस पावलं. माझ्या डावीकडे तात्या. आदल्या रात्री मी झोपले नव्हते. इकडे सात वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी 'उद्या आठ वाजता' म्हटलं होतं. अचानक पायाखालून पक्षी फडफडला. मादी होती. मादीवर बार टाकायचा नसतो हे लहान मुलालाही माहीत. पण ती ओळीच्या कडेकडेने खालून उडाली आणि मी तिच्यामागे बंदूक फिरवत गेले. पक्षी दिसेनासा झाला तेव्हा नळीच्या टोकाशी तात्याची छाती होती. माझं बोट चापावर होतं.

कुणी ओरडलं नाही. तात्या चालत आला, त्याने माझ्या हातातून बंदूक घेतली, बिजागरीवर वाकवून उघडली, दोन्ही काडतुसं काढून स्वतःच्या खिशात टाकली. "आज एवढंच, डॉक्टर."

मी पंधरा दिवसांनी माफी मागायला गेले. मोठं भाषण तयार केलं होतं, त्यात उन्हापासून बुटांपर्यंत सगळ्यांचा दोष होता. तात्याने पहिल्या वाक्याला हात वर केला. "कारणं नकोत. शनिवारी ये. काठी घेऊन."

तो सगळा मोसम मी काठी घेऊन चालले. झुडपं बडवायची, पक्षी उठवायचे, बार दुसऱ्यांनी टाकायचे. सोमवारी ज्या बाईच्या हातात लोक आपला जीव देत होते, तिला शनिवारी बंदूक देत नव्हते. आणि बरोबरच होतं. मला ओळीत परत जागा मिळेल का, एवढाच प्रश्न होता. तो तात्याखेरीज कुणी सोडवू शकत नव्हतं, आणि तात्या काही बोलत नव्हता. मधल्या उन्हाळ्यात त्याने दुकान विकलं, गावातल्याच एका मुलीला. त्याबद्दलही बोलला नाही.

पुढच्या नोव्हेंबरात ओळ लागली. मी सवयीने काठी घेतली. तात्या म्हणाला, "बंदूक गाडीत कशाला ठेवलीस? आण. माझ्या उजवीकडे उभी राहा."

तासाभराने आमच्या दोघांच्या बरोबर मधून नर उठला. तांब्याच्या हंड्यासारखा चकाकत, पण खाली, कमरेएवढा, सरळ तात्याच्या दिशेने. मी बंदूक आकाशाकडे केली आणि थांबले. पक्षी गेला. तात्याही हलला नव्हता. "ग्रँड," तो म्हणाला. त्याच्या तोंडून माझ्याबद्दल ही आयरिश शाबासकी मी पहिल्यांदा ऐकली.

पुढे दगडी कुंपण आलं. कुंपण ओलांडताना बंदूक उघडायची, हा नियम. आम्ही दोघांनी उघडल्या. माझ्या बंदुकीतून दोन लाल काडतुसं बाहेर आली. तात्याच्या नळ्यांतून पलीकडचं गवत दिसत होतं.

"भरायला विसरलात?"

"नाही. मधोमध धूसर दिसतं आता. नर की मादी, ते उडून गेल्यावर कळतं." मी डॉक्टर, आणि वर्षभर शेजारी चालून मला ते दिसलं नव्हतं.

"मग आलात कशाला?"

तो खाकरला. "तुझ्या शेजारी कुणीतरी उभं राहायला हवं होतं. बाकीचे तयार नव्हते."

तात्या पलीकडे उतरून कुत्र्याशी बोलू लागला.

जानेवारी संपला, मोसम मिटला. एके सकाळी त्याचा फोन आला, मला नेशील का. तो आता गाडी चालवत नव्हता. आम्ही त्याच्याच जुन्या दुकानात गेलो. त्याने चाळीस वर्षं वापरलेली स्वतःची बंदूक काउंटरवर ठेवली. नव्या मालकिणीने रजिस्टर उघडून नंबर लिहून घेतला. "लांब हातांचा माणूस आला तर दाखव," तात्या तिला म्हणाला. "घाई नाही."

तात्या जाऊन आता चार वर्षं झाली. मी सत्तरीची, नात माझे तेव्हाचे चिकटपट्टीच्या चष्म्यातले फोटो बघून गडाबडा लोळते, आणि मी तिला लोळू देते. पण त्याला आठवायचं म्हटलं की मला ती सकाळच आठवते. दुकानातून बाहेर पडून तो पार्किंगच्या दिशेने चालत होता. उघडी बंदूक हाताच्या बेचक्यात आडवी ठेवून चालायची त्याची आयुष्यभराची सवय. बंदूक आत राहिली होती, पण उजवा हात तसाच कोपरात दुमडलेला होता, छातीशी, काहीतरी पडू नये म्हणून जपल्यासारखा. त्याच्या लक्षातही नव्हतं.

मी दोन पावलं धावले आणि त्या हातात माझा हात अडकवला.