महानंदाकडे ठेवायला दिलेला आवाज

बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. निवृत्त माणसाला वर्षातून एकदा स्वतः हजर होऊन, आपण अजून आहोत, हे पटवून द्यावं लागतं. नांदेडच्या शाखेतलं यंत्र काही केल्या माझा अंगठा ओळखेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, पुसून परत लावा." मी पदराला अंगठा पुसत असतानाच फोन वाजला. लातूरहून महानंदाचा भाचा बोलत होता. "मावशी, अक्का गेल्या. पहाटे, झोपेतच..." मी "बरं" म्हणाले. मागचा माणूस "बाई, आवरा जरा" म्हणाला, म्हणून मी पुन्हा अंगठा टेकवला आणि या खेपेला यंत्राने मला जिवंत ठरवलं. तशीच स्टँडवर गेले आणि लातूरची गाडी पकडली.

त्यांच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. कपाळभर भस्म लावून, फुलं घालून महानंदाला बसवलं होतं. तिला तसं ताठ बसलेलं बघून मला रडू आलं नाही, भीती वाटली. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघायची तशीच ती बसली होती. तिच्याकडून एक काम राहून गेलं होतं आणि ते मला माहीत होतं. तिच्याइतकंच ते माझ्याकडूनही राहिलं होतं. या लेखात मी तेवढंच सांगणार आहे. ती किती पुस्तकं वाचायची आणि विद्यार्थ्यांना किती जीव लावायची, हे बाकीच्यांनी श्रद्धांजलीत सांगून झालं आहे.

आम्ही दोघी लातूरच्या एकाच कॉलेजात लागलो. ती मराठीची, मी इतिहासाची. ती उदगीरच्या कापडदुकानदाराची लेक, मी हिमायतनगरच्या शाळामास्तरांची. एका खोलीत राहत होतो. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी गावात रंगाऱ्यांना उसंत नव्हती, रोज नवी पाटी चढत होती. कचेऱ्यांना जागा पुरेनात, तेव्हा आमच्या घरमालकांनी "सरकारला द्यायची हाय हो खोली" म्हणून आम्हाला पंधरा दिवसांत बाहेर काढलं. मग डाळमिलच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. तिथे अंथरुणावर, पुस्तकांवर आणि चहातसुद्धा तुरीची भुकटी असायची. पाऊस त्या सालीही रुसलेला होता. जिल्हा नवा आला, पण पाणी टँकरचंच. महानंदा म्हणायची, "कुंदा, कलेक्टर आला की पाऊस पडतो, असं कुठल्या इतिहासात लिहिलंय का गं?"

तिने पीएचडीला विषय घेतला होता, बायकांनी सांगितलेल्या पाण्यावरच्या भुतांचा. तिच्या मार्गदर्शकांनी हसून विचारलं होतं, "भुतं बघायला जाणार की बायका?" ती म्हणाली, "दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात सर, विहिरीवर." सुट्टी लागली की आम्ही एसटीने निघायचो. मी आपली पिशवी धरायला आणि सोबतीला. तिची कामाची पद्धत ठरलेली होती. भुताचं नाव ती कधीच काढायची नाही. "पाणी कुठून आणता?" एवढंच विचारायची. कुठल्या विहिरीवर जायचं, कुठल्या विहिरीवर भर दुपारी का जायचं नाही, हे बायका आपणहून सांगत सुटायच्या. सगळं टेपवर घ्यायची आणि शेवटी त्याच बाईला तिचा आवाज ऐकवून विचारायची, "ठेवू का पुसू?" पूस म्हटलं की तिच्यासमोर पुसायची. कितीतरी चांगल्या गोष्टी अशा पुसल्या गेल्या. मी चिडायचे. ती म्हणायची, "त्यांच्या भुतांवर आपला काय हक्क?"

देवणीजवळच्या एका खेड्यात गयाबाई भेटली. तेव्हा तिशीतली असेल. लग्नात हळदीची गाणी म्हणायला तिला चार गावांतून बोलावणं यायचं, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या गावची विहीर तळाला गेली होती. एक बाई खाली उतरायची, वाटीने घागर भरायची, वरच्या बाया ओढून घ्यायच्या. एके दिवशी गयाबाईची थोरली बहीण काशी खाली होती. वर नंबरावरून भांडणं जुंपली आणि दोर तिसरीच बाई ओढून घेऊन गेली. खालून काशी हाक मारत राहिली. गयाबाई दोर हिसकावून परत येईपर्यंत विहिरीची कड काशीवर ढासळली होती.

"तवापासनं दुपारच्याला विहिरीवर गेलं की हाक येतीया बगा," गयाबाईने टेपवर सांगितलं. "भ्या न्हाई वाटत. बहीनच हाय की. मी दोर सोडते, जरा थांबते, अन् वर घेते. मग ती गप ऱ्हाती." महानंदाने विचारलं, कशी हाक येते? गयाबाईने डोळे मिटले आणि तोंडाशी हात धरून हाक मारली, "गये... दोर सोड गं... गये..." टेप ऐकवल्यावर तिने पदराने नाक पुसलं. म्हणाली, "ठेवा. माझ्या बहिनीचं दुसरं काईच न्हाई कुटं. पन कुनाला ऐकवू नका बाई. गावात तर न्हाईच न्हाई." महानंदाने शब्द दिला.

दोनेक वर्षांनी महानंदाचा एक लेख वाचून मुंबईचा एक दिग्दर्शक आमच्या डाळमिलच्या खोलीत येऊन बसला. त्याला सिनेमा काढायचा होता. काळ निजामाचा, दोन शिकलेल्या बायका बैलगाडीतून ओव्या गोळा करत हिंडतात आणि त्यांना भुतं भेटतात. आम्ही दोघी खूश. माझ्या वाट्याला आलेली नटी इतकी देखणी होती की महानंदा आठवडाभर मला "नायिकाबाई, चहा टाका" म्हणायची. शूटिंग बघायला गेलो, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. विहिरीवरची बाई झालेली नटी भलतंच काहीतरी बोलत होती. सिनेमात सगळा खेडवळ महाराष्ट्र एकाच तोंडाने बोलतो, तसं. महानंदा दिग्दर्शकाला म्हणाली, "आमच्याकडं असं न्हाई बोलत कुणी." तो म्हणाला, "मग कसं बोलतात, ऐकवा ना." दुसरी कुणी सिनेमातल्या भपक्यात अडकली असती. महानंदा अडकली बोलीच्या खरेपणात. आपल्या भागाची भाषा पडद्यावर चुकीची जाईल, हे तिला सोसवेना. रात्रभर तळमळली आणि सकाळी मला म्हणाली, "फक्त त्या पोरीला ऐकायला देऊ. दोन दिवसांत परत घेऊ." मी म्हणाले, "दे की. पोरगी ऐकेल, शिकेल, त्यात काय?" गयाबाईची कॅसेट रुमालात बांधून नेऊन दिली ती मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं. दोन दिवसांत कॅसेट परत आली, बरोबर पेढेही आले.

सिनेमा लातूरला लागला तेव्हा आम्ही पहिल्या खेळाला गेलो. मध्यंतरापर्यंत एकमेकींना कोपरखळ्या मारत होतो. मग विहिरीचा प्रसंग आला. पांढरं लुगडं, मोकळे केस, वर येणारा हात... आणि विहिरीतून हाक आली, "गये... दोर सोड गं..." ती नटीची नव्हती. ती गयाबाईचीच होती. त्यांनी कॅसेटवरून ती जशीच्या तशी उचलली होती आणि वर घुमारा चढवला होता. बायका किंचाळल्या, पोरं हसली. महानंदा उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा की हो बाई, दिसंना काई." ती बसली नाही, बाहेरही गेली नाही. खेळ संपेपर्यंत तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

मग पत्रं सुरू झाली. बैल गेला अन् झोपा केला. दिग्दर्शकाचं एक उत्तर आलं, की खऱ्या आवाजाला तोड नाही, त्या बाईंना आमचे धन्यवाद कळवा. तो आवाज काढून टाका, असं तिने वकिलाकडूनही लिहिलं. वकील म्हणाले, "मॅडम, प्रिंटा गावोगाव गेल्या. आता कुठं कुठं धावणार?" त्या हिवाळ्यात देवणीच्या बाजूला जत्रेतल्या तंबूत सिनेमा लागला. पुढचं आम्हाला त्या भागातल्या एका विद्यार्थिनीने सांगितलं, तेही गंमत म्हणून. गावाने आवाज ओळखला होता. पोरं गयाबाईच्या मागे "दोर सोड" ओरडत होती. आणि हळदीला तिला कुणी बोलवेनासं झालं होतं. शुभकार्यात भुताचा आवाज कशाला, असं बायकाच म्हणत होत्या.

महानंदाने प्रबंध थांबवला. सगळ्या कॅसेटी पत्र्याच्या पेटीत घातल्या आणि पेटी पलंगाखाली ढकलली. मी म्हणायचे, "चल, देवणीला जाऊन पाय धरू." ती म्हणायची, "काय तोंड घेऊन जाऊ?" एकदा निघालीसुद्धा. लुगडं घेतलं, नारळ घेतला, उदगीरच्या स्टँडवर उतरली, देवणीची गाडी डोळ्यांसमोरून जाऊ दिली आणि परतीच्या गाडीत बसली. ते लुगडं तिने कामवाल्या बाईला दिलं. मग माझं लग्न झालं, तिने केलंच नाही, मी नांदेडला बदलून आले. भेटलो की बाकी सगळं बोलायचो. माझा नवरा गेला, तेव्हा महिनाभर माझ्याकडे राहिली. तेव्हाही तो विषय निघाला नाही. मी तरी कुठे काढला? कॅसेट देऊन आले होते मीच. तिने मला एकदाही बोल लावला नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

दिवाळीआधी तिला भेटले ते शेवटचं. मोतीबिंदू पिकला होता. मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, तर मधेच म्हणाली, "डोळ्याचं झालं की जाऊ या गं देवणीला. तोंड तरी नीट दिसेल तिचं." मी म्हणाले, "जाऊ." तीस वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतः विषय काढला होता. तेव्हाच रिक्षा बोलवायला काय धाड भरली होती मला? पण मी पुढची बातमी वाचायला घेतली...

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी मी तिच्या पलंगाखालच्या पेटीतून ती कॅसेट काढून एकटीच देवणीकडे गेले. गयाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे, पण पाठ सरळ. मला बघून जरा वेळ डोळे बारीक केले आणि विचारलं, "दुसऱ्या बाई कुटं हायत्या?"

"गेल्या," मी म्हणाले. "महिनाही झाला नाही."

ती शेंगा सोलत राहिली. मी कॅसेट तिच्यापुढे ठेवली. तिने उचलून उलटसुलट करून बघितली. "ह्येचं काय करू? वाजवायचं मशीन कुटं ऱ्हायलंय आता कुनाकडं?" आणि परत माझ्याकडे सरकवली. मी सांगायला लागले, की महानंदाला फार लागलं होतं, तिने पत्रं लिहिली, प्रबंध सोडून दिला, लाजेने ती इकडे...

"लाज?" गयाबाई म्हणाली. "मला न्हवती का लाज? मी ऱ्हायलेच की ह्याच गावात, ह्याच गल्लीत. तिला लातुरातनं एकदा यायला झालं न्हाई व्हय?" तिचा आवाज अजून गल्लीच्या टोकाला जात होता. समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. "लई वर्सं मी तिच्यासाटी भांडान राखून ठिवलंय. आज येईल, उद्या येईल. आता कुनासंगं भांडू? भांडायला बी मानूस लागतंय की."

मी उठायला लागले. तिने हाताला धरून खाली बसवलं. "बसा. आमच्यात मेलेल्या बाईच्या नावानं बाई बसवून जेवाय घालत्यात. तिला जे बोलायचं ते ह्या बाईला बोलत्यात."

"त्याला सवाष्ण लागते ना? मी विधवा आहे गयाबाई."

"ती तरी कुटं सवाशीन व्हती?"

तिने पाट मांडला, ताट वाढलं. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, ओल्या तुरीची आमटी. मला कुंकू लावलं नाही, पण पायावर पाणी घातलं. मग समोर मांडी घालून बसली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "महानंदाबाई, तुमी मला सबूद दिला व्हता."

मी घास हातात धरून ऐकत राहिले. लेकीला बघायला आलेले पाव्हणे उंबऱ्यावरूनच कसे फिरले. स्वतःच्या नातीच्या हळदीलासुद्धा तिला गाऊ दिलं नाही. आणि मग तिचा आवाज खाली आला. "त्ये जाऊ द्या. त्ये मी सोसलं. पन तुमचा शिनेमा आल्यापासनं मी दुपारचं विहिरीवर गेले की लोक बगायला जमायचे. दोर सोडती का, बगायला. मग मी दोर सोडायचा बंद केला. काशी हाका मारायची, मी उभी ऱ्हायची, हात बांधून. तवा दोर न्हवता, आता दोर असून. वरीसभर मारल्या तिनं हाका. मग गप झाली. आता काईच ऐकू येत न्हाई. सांगा बाई, तिला मी दुसऱ्यांदा मारलं का तुमी?"

मी महानंदाच्या जागी बसले होते. मी ताटावरून उठू पाहिलं, तर गयाबाईने आणखी एक भाकरी वाढली.

"जेवा," ती म्हणाली. "अजून संपलं न्हाई माजं."