बांधीवरचा मालक कोण

मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार. कायद्याच्या कॉलेजात गेल्यापासून तो आणखी बळावला. त्या पावसाळ्यात मी भंडाऱ्याहून सुट्टीवर गावी आले, तेव्हा आमच्या सिहोऱ्याच्या बाजूला धानाची रोवणी जोरात होती आणि माझ्या डोक्यात समान वेतनाचं कलम भुणभुणत होतं.

माझी माय रोवणीच्या टोळीची म्होरकी. तिच्यासकट पाच बायका आणि दोन गडी. गडी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून पेंढ्या बांधायचे आणि पाणी साचवलेल्या शेताच्या तुकड्यात, बांधीत, आणून फेकायचे. बायका दिवसभर कमरेत वाकून ते चिखलात लावायच्या. शेताचे मालक रोजाने नव्हे, एकराच्या हिशेबाने पैसे द्यायचे, तेही एकट्या मायच्या हातात. दिवसाचे बावीसशे पडायचे. माय ते वाटायची. गड्याला साडेतीनशे, बाईला तीनशे. स्वतःही तीनशेच घ्यायची.

लहानपणापासून हे वाटप पाहत आले होते, पण त्या वर्षी ते सहनच होईना. मी मायला म्हटलं, हे कायद्यात बसत नाही.

"काम येगळं हाये ना," माय म्हणाली.

"गडी आला नाही तर पऱ्हे कोण उपटते?"

"आमीच उपटतो."

"मंग तुमाले साडेतीनशे भेटतात काय?"

ती उठून चुलीकडे गेली. मला वाटलं, जिंकले. जेवताना, झोपताना, विहिरीवर, मी तेच बोलत राहिले. शेवटी ती वैतागली, "मले काहून सांगून राहिली? मालकाले सांग."

गेले मी तरातरा. मालक शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, मोटारसायकल लावून फोनवर बोलत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"मी तं एकराचे पैसे देतो, पोरी. कोणाले किती द्याचे, थे तुह्या मायले विचार. तिची टोळी, तिचे मजूर. तुह्या कायद्यानं मालक तं थेच झाली."

याला उत्तर असणार, हे मला कळत होतं. पण पहिल्या वर्षाच्या पोरीला ते धुऱ्यावर उभ्या उभ्या सुचेना. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. माय अंगणात तांदूळ पाखडत होती. मालक काय म्हणाले ते सांगितलं, तर तिचं सूप हलायचं थांबलं.

"म्हंजे मालक मी?"

"त्यांच्या म्हणण्यानं."

"मंग काय करू? गड्यायचे कमी करून सारखे करू? दुसऱ्या दिवशी थे दुसऱ्या टोळीत जातीन. गडी नाही तं कामही नाही."

मी मोबाइल उघडला. कलम सापडलं, तेव्हा मला कोण आनंद झाला! कोर्टात उभी असल्यासारखी मी खणखणीत आवाजात अर्थ सांगितला : मजुरी सारखी करण्यासाठी कोणाचीही मजुरी कमी करता येत नाही. वाढवायचीच, कमी करायची नाही.

"कोणाचीच नाही?"

"कोणाचीच नाही."

माय पुन्हा पाखडायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून टोळीतल्या बायकांना साडेतीनशे मिळायला लागले. एकीने मला बांधीतूनच हाक मारून सांगितलं, "तुह्या शिक्षणाचा उपयोग झाला वो बाई!" मालकांनी भाव वाढवला असणार, असं मी धरून चालले. मायला विचारलंसुद्धा नाही. कॉलेजच्या मैत्रिणींना मात्र फोन करकरून सांगितलं. तरी जिवाला चैन नव्हतं. मालकांनी इतक्या लवकर कसं मानलं, हा प्रश्न अधूनमधून टोचायचा आणि मी तो झटकून टाकायचे.

आठवड्याने एका संध्याकाळी मायची कंबर धरली. काम उरकलं होतं, पण तिला धुऱ्यावरून उठता येईना. मालकांनी दिलेल्या नोटा तिने माझ्या हातात दिल्या. "वाटून दे," म्हणाली, "सगळ्यायले साडेतीनशे."

मी दोन गड्यांना दिले, चार बायकांना दिले. हातात शंभराची एक नोट उरली.

कोणाला जास्त गेले असं वाटून मी मनात पुन्हा हिशेब केला. पुन्हा केला. बावीसशेच होते. भाव एका रुपयाने वाढला नव्हता. मी चिखल तुडवत मायजवळ गेले आणि ती नोट तिच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

"माहे हायेत. दे इकडं."

"आठ दिवस तू शंभरात रोवून राहिली?"

"हळू बोल." तिने माझं मनगट धरलं. पलीकडे बायका पाटाच्या पाण्यात हातपाय धूत होत्या, हसत होत्या. मला त्यांना ओरडून सांगायचं होतं. मालकांच्या घरी जायचं होतं. रडायलाही येत होतं, आणि मायचा राग तर इतका आला होता, की तिचा हात झटकावासा वाटला.

"कोणाचीच मजुरी कमी करता येत नाही, हे मी तुला वाचून दाखवलं होतं ना?"

"मंग? कोणाची केली?" माय म्हणाली. "मालकाले कुठं मजुरी रायते?"

तिने नोट पदराला बांधली आणि उठण्यासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तिला घरी आणलं, पाठीला तेल लावलं आणि ते कलम पुन्हा उघडून बसले. त्यात मायच्या साडेतीनशेची सोय कुठेच सापडेना.