विन्याने आणलेली फाईल

विन्या माझ्यामुळे मेला.

हे मी पोलिसांना सांगितलं नाही, ऑफिसात सांगितलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही.

आज त्याला जाऊन इतकी वर्षं झाली. आणि सकाळपासून माझ्या फीडवर तुमचे स्नोचे फोटो येतायत. हातात कॉफीचा मग, खिडकीबाहेर सगळं पांढरं, खाली लिहिलंय 'मॅजिकल'.

डोकं फिरतं माझं. चौघांना म्यूट केलंय. राग मानू नका, किंवा माना.

२००८चा डिसेंबर, अमेरिकेतलं बेलव्ह्यू. विन्या नागपूरचा, मी पुण्याचा. एकाच टीममध्ये, एकाच अपार्टमेंटमध्ये. भांडायला एक नंबर. भाजीत मीठ किती, यावरूनसुद्धा आमची जुंपायची.

त्या दिवशी भर दुपारी ऑफिसने सगळ्यांना एकदम घरी सोडलं. आदल्या दिवशीचा बर्फ गोठून रस्त्याची काच झाली होती आणि वरून नवा पडत होता.

विन्या म्हणाला, टायरला साखळ्या लाव, बर्फावर घसरणार नाही. त्यानेच आणून माझ्या डिकीत टाकल्या होत्या, अजून पॅकिंगमध्येच होत्या. मी म्हणालो, दोन मैलांसाठी कोण गुडघ्यावर बसणार. गाडी माझी, स्टिअरिंगवर मी. तो वाद न घालता बसला. नेमका त्याच दिवशी.

उतारावर पुढची गाडी आडवी झाली.

मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. बर्फात नेमकं हेच करायचं नसतं.

गाडी गरकन फिरली, एका मिनीव्हॅनवर आदळली, तिथून रेलिंगवर, आणि रस्त्यात आडवी थांबली. एअरबॅगने माझा ओठ फाटला. घोटा पेडलखाली पिरगळला.

विन्याने मला कॉलरला धरून त्याच्या दाराने बाहेर खेचलं आणि पोतं टाकावं तसं रेलिंगपलीकडे टाकलं.

वरून गाड्या येतच होत्या. चाकं लॉक, हॉर्न दाबलेला, आतली माणसं किंचाळतायत आणि कुणाच्याच हातात काही नाही. एक येऊन आमच्या डिकीत घुसली. फुटलेली काच माझ्या केसांत आली.

आणि मला फाईल आठवली.

मागच्या सीटवर माझी फाईल होती. पासपोर्ट, ओरिजिनल डिग्री, जन्मदाखला, व्हिसाचे सगळे कागद. ग्रीन कार्डसाठी सकाळी वकिलाकडे द्यायची होती, पण बर्फामुळे त्याचं ऑफिस बंद होतं. त्या फाईलशिवाय आपण इथे कोण असतो, हे इथल्यांना मी सांगायला नको.

विन्या म्हणाला, "मरू दे ना बे फाईल."

मी त्याच्या छातीवर बुक्की मारली. जीव खाऊन मारली. माझ्या ओठातलं रक्त त्याच्या जॅकेटवर उडालं.

"तुझी घरी ड्रॉवरमध्ये सेफ आहे ना, म्हणून बोलतोयस."

त्याने एक सणसणीत शिवी घातली. ती इथे लिहीत नाही, त्याची आई हे वाचते.

"हलू नको इथून. हललास तर दुसरं तंगडं मी मोडीन."

आणि रेलिंग ओलांडून गेला.

मागचं दार जाम झालं होतं. त्याने लाथा घालून उघडलं. फाईल मिळाली. तेवढ्यावर तो परत आला असता.

पण बर्फ पडत होता. विन्याने तिथेच उभं राहून जॅकेटची झिप उघडली, फाईल आत सरकवली, झिप पुन्हा गळ्यापर्यंत ओढली.

चार सेकंद. फार तर पाच.

पिकअप ट्रक आडवा घसरत आला आणि त्याने विन्याला आमच्या गाडीवर दाबलं.

तो आवाज मी लिहिणार नाही. मी ओरडत त्याच्याकडे सरपटत निघालो. एका अनोळखी बाईने मला मागून आवळून धरलं. मी तिच्या हाताला कडकडून चावलो. तरी तिने सोडलं नाही.

पोलिसांना मी सांगितलं, तो गाडीचे ब्लिंकर लावायला गेला होता. वरून येणाऱ्यांना दिसावं म्हणून.

काकूंना, म्हणजे त्याच्या आईलाही तेच सांगितलं.

काकूंनी नागपुरात सगळ्यांना सांगितलं की माझा मुलगा दुसऱ्यांना वाचवताना गेला. त्याच्या शाळेत त्याच्या नावाने धाडसाचं बक्षीस ठेवलं. दर वर्षी बक्षीस घेणाऱ्या मुलाचा फोटो मला पाठवतात.

मी दर वर्षी हात जोडलेला इमोजी टाकतो.

हॉस्पिटलने त्याच्या सामानासोबत फाईल माझ्याच हातात दिली. तिच्यावर मला ग्रीन कार्ड मिळालं. मग घर झालं, मुलं झाली. बर्फ पडला की मुलगी विचारते, "बाबा, व्हाय डोन्ट यू एव्हर ड्राइव्ह इन स्नो?" मी म्हणतो, जमत नाही मला.

आज सकाळी काकूंना फोन केला. आधी त्यांनीच माझी चौकशी केली. तिकडे बर्फ आहे का, गाडी जपून चालव. मला ते सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं. डिकीतल्या साखळ्या, बुक्की, फाईल, तो काय म्हणाला आणि मी काय म्हणालो.

मला वाटलं, आता फोन ठेवतील. ठेवायलाच हवा होता.

मग काकूंनी विचारलं, "भिजली तर नव्हती ना रे फाईल?"

नाही काकू. एक कागदसुद्धा भिजला नव्हता.

विन्या, ही माझी तुला पहिली खरी श्रद्धांजली.